पाव पदावरच्या बाई

तीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये चहा प्यायलात, तर तुमच्याजवळ बाकी काही जमो न जमो, किस्से जमतात. मुद्दाम कोणी जमवत नाही हो. वह्या तपासता तपासता एक सापडतो, पालक भांडून गेले की दुसरा सापडतो. आणि तुम्ही गणित शिकवत असाल, त्यातही पाचवी-सहावीला अपूर्णांकाची शाब्दिक उदाहरणं, तर मग विचारूच नका!

मी नागपूरच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवत होते. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. शाळेचं नाव सांगत नाही, कारण त्यातली अर्धी मंडळी अजून खुटखुटीत आहेत आणि मला बाजारात भेटतात. अर्धी म्हणजे किती, ते विचारू नका. त्या विषयाचाच मला आता वैताग आहे.

* * *

सुरुवात माझ्याच फजितीपासून करते, म्हणजे पुढे कोणी मला बोलायचं नाही.

घटक चाचणीचा पेपर मी काढला होता. घाईत लिहिलं, 'एका गावात ९० माणसे आहेत. त्यांपैकी तीन-चतुर्थांश शेती करतात. तर शेती करणारी माणसे किती?' पेपर छापून आला, वाटला, मुलांनी सोडवलाही. उत्तर आलं साडेसदुसष्ट! साठ मुलांपैकी एकानंही हात वर केला नाही. सगळ्यांनी शांतपणे 'साडेसदुसष्ट माणसे' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी एक पालक आले. धोतर, टोपी, हातात मुलाची उत्तरपत्रिका. मला म्हणाले, "बाई, बाकी सगळं समजलं. फक्त तो अर्धा शेती करून राहिला, तो बाकीचा अर्धा काय करते?"

मी काय सांगणार? म्हटलं, "तो अर्धा शिक्षक आहे."

ही गोष्ट आमच्या मुख्याध्यापकांच्या, पाठक सरांच्या कानावर गेली. पाठक सर म्हणजे प्रत्येक गोष्टीवर नोटीस काढणारा माणूस. पाणी पिण्यावर नोटीस, खडू मोडण्यावर नोटीस. संध्याकाळी वही फिरली : 'शाब्दिक उदाहरणांत माणसे, जनावरे व सायकली पूर्ण येतील याची दक्षता घ्यावी. संत्री, भाकरी, कापड व जमीन यांना अपूर्णांकाची मुभा राहील.' आम्ही सहाही जणांनी खाली सह्या केल्या.

* * *

सहा म्हणाले खरी, पण आम्ही सात होतो. सातवी पुष्पा. आता तिचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं.

पुष्पा गावंडे रोज मौद्याहून एसटीनं यायची. पंचविशीची, किडकिडीत, खणखणीत आवाजाची. अपूर्णांक तर अशी शिकवायची की मी दाराआड उभी राहून ऐकायची. "खालच्यानं वाटा, वरच्यानं उचला!" एवढंच तिचं सूत्र. चोवीसचे तीन-चतुर्थांश काढायचे? खालच्या चारानं चोवीसाचे वाटे करा, सहा-सहाचे चार वाटे झाले. वरचे तीन म्हणतात, त्यातले तीन वाटे उचला. झाले अठरा! पोरं घरी जाऊन जेवताना पोळ्यासुद्धा तशाच उचलायची म्हणे.

पण पुष्पा पक्की नव्हती. दर एप्रिलमध्ये तिला सोडायचं, दर जूनमध्ये परत घ्यायचं, असं तीन वर्षं चाललं होतं. कारण काय, तर खात्याचा नियम! एका तुकडीला सव्वा शिक्षक मंजूर. आमच्या तुकड्या पाच. पाच सव्वे किती? सव्वासहा. सहा आम्ही पक्के होऊन बसलो होतो. उरला पाव. त्या पावात पुष्पा.

पाठक सर तिची फाईल घेऊन खात्याच्या ऑफिसात गेले. मीही सोबत होते. तिथल्या बाबूनं चष्मा कपाळावर चढवून फाईल पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, पद पाव मंजूर आहे. तुम्ही पूर्ण बाई काहून ठेवली?"

पाठक सर कळवळून म्हणाले, "अहो, पाव मिळत नाही हो कुठं!"

बाबूनं फाईल मिटली. "मिळाली की कळवा," म्हणाला.

हसू आलं, पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला रडूही आलं. कारण बाहेर पायरीवर पुष्पा उभी होती. तिच्या सासऱ्यांनी बजावलं होतं, "या जूनपर्यंत पक्की ऑर्डर आली तर ठीक, नाहीतर नोकरी बंद. घरी बसायचं." आणि सासरे बोलले की बोलले. नवराही त्यांच्यापुढे तोंड उघडायचा नाही. पुष्पाला शिकवण्याशिवाय दुसरं काही सुचत नसे. घरी बसून ती करणार काय, हेच मला कळेना.

* * *

आमचे दुसरे गणिताचे गुरुजी म्हणजे वानखेडे. नरखेडकडचे. घरी संत्र्याचा बगीचा. त्यामुळे त्यांच्या सगळ्या उदाहरणांत संत्रीच. नफा-तोटा संत्र्यांचा, सरासरी संत्र्यांची, काळ-काम-वेगात मजूरसुद्धा संत्रीच तोडायचे. पावकी, निमकी, पाऊणकी सगळी तोंडपाठ. "छप्पन पाऊणे?" म्हटलं की "बेचाळीस!" आपला प्रश्न अजून तोंडातच.

एकदा त्यांनी वर्गात उदाहरण घातलं. "टोपलीत साठ संत्री हायेत. दोन-तृतीयांश पाहुण्यायले देल्ली. सांगा, उरली किती?"

एक मुलगी उठली. संत्रीवाल्यांच्याच घरची. म्हणाली, "एकही नाही, गुरुजी."

"काहून वं? साठाचे दोन-तृतीयांश चाळीस. उरली वीस."

"नाही गुरुजी. पाहुणे निघाले, की आमची आई उरलेली वीस बी त्याईच्या पिशवीत भरून देते."

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मी म्हटलं, "गुरुजी, हे काय? उत्तर तर वीस आहे!" तर मलाच म्हणतात, "बाई, तिच्या मायले मी ओळखतो. पोरगी बरोबर आहे."

* * *

जमिनीला अपूर्णांकाची मुभा होती ना? म्हणून मी संत्री गुरुजींकडे सोडून जमिनीकडे वळले. तेव्हा सीलिंगचा कायदा आला होता. कोरडवाहू जमीन चोपन्न एकरांवर असली की वरची सरकारजमा. माझ्या ते ध्यानीमनी नाही. मी आपलं फळ्यावर लिहिलं, 'एका पाटलाजवळ ८० एकर जमीन आहे. तिच्या तीन-अष्टमांश भागात कापूस आहे.' सोपं उदाहरण. तीस एकर कापूस.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत एक गृहस्थ बुलेटवरून उतरले. कडक इस्त्रीचा झब्बा. पाटीलच होते. मुलाची वही माझ्या पुढ्यात आपटून, पण आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "बाई, ऐंशी एकर तुमाले कोनं सांगतलं?"

"अहो, कोणी नाही. उदाहरण आहे ते!"

"उदाहरण बाहेर जाते बाई. कागदावर आमची चोपन्नच हाय. तुमी चोपन्न करा."

मी समजावलं. "दादा, चोपन्नला आठानं पूर्ण भाग जात नाही. पोरं गोंधळतील."

पाटलांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं.

"मंग तुमचे आठ बदला," म्हणाले. "माझे चोपन्न राहू द्या!"

बदलले! काय करणार? आठाच्या जागी सहा केले. ते गेल्यावर वानखेडे गुरुजी म्हणाले, "बाई, तुमच्या एका उदाहरणानं सव्वीस एकर सरकारच्या हातून गेली." मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही तुमची संत्री पाहा."

* * *

मग नवीन अभ्यासक्रम आला. त्याच्याबरोबर प्रशिक्षण आलं, आणि प्रशिक्षणाबरोबर पुण्याहून एक तज्ज्ञ आले. अतिशय शुद्ध बोलायचे. आम्हाला म्हणाले, "पाठांतर पुरे झालं. अपूर्णांक हाताला लागला पाहिजे. अनुभव द्या!"

त्यांनी चोवीस केळी मागवली. निरनिराळ्या शाळांतले आम्ही अठरा शिक्षक गोल करून बसलो. "आता चोवीसचे तीन-अष्टमांश काढायचे आहेत. आधी आठ समान वाटे करा." आम्ही केले. तीन-तीन केळ्यांचे आठ वाटे. "आता त्यातले तीन वाटे बाजूला ठेवा." ठेवले. नऊ केळी एकीकडे, पंधरा एकीकडे. इथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं.

तेवढ्यात तज्ज्ञांना ऑफिसातून फोन आला. ते अर्धा तास गेले. सकाळी साडेदहाची वेळ, कोणी मौद्याहून आलेलं, कोणी काटोलहून. नाश्त्याची सोय कोणीच केलेली नव्हती.

तज्ज्ञ परत आले, हात चोळत म्हणाले, "हं! कोण सांगेल? नऊ वेगळी काढल्यावर उरलं काय?"

 शेवटी वानखेडे गुरुजी उभे राहिले. नम्रपणे म्हणाले, "सालं, सर. चोवीस."

तज्ज्ञांनी अहवालात लिहिलं की, विदर्भातील शिक्षकांनी अनुभवात मनापासून भाग घेतला.

* * *

इकडे डिसेंबर उजाडला. पुष्पाचा जून जवळ येत चालला होता. पाठक सरांनी ठरवलं, शाळेच्या समितीचा ठराव करून वर पाठवायचा, की ही बाई आम्हाला पूर्णच पाहिजे. समितीचे सदस्य अकरा. सभेला आले चार. त्यातले एक दामोदरपंत, वय झालेलं. खुर्चीत बसले आणि ठराव वाचून होण्याआधीच झोपले. घोरायलाच लागले!

चौघांपैकी एका सदस्याला हा ठराव नको होता. त्याला स्वतःची भाची लावायची होती. तो ताडकन म्हणाला, "सभा होऊ शकत नाही. गणपूर्तीला एक-तृतीयांश पाहिजेत. झोपलेला माणूस हजर धरता येत नाही. आपण तिघेच आहोत!"

पाठक सरांचा चेहरा पडला. मी दाराशी उभी होते, मला वाटलं, गेलं. पण हजर चौघांतले आमचे सचिव वकील होते. त्यांनी शांतपणे कागद ओढला.

"अकराचे एक-तृतीयांश किती? तीन पूर्णांक दोन-तृतीयांश. बरोबर? तिघे आपण पूर्ण जागे आहोत. आता लागतात फक्त दोन-तृतीयांश." त्यांनी दामोदरपंतांकडे एक नजर टाकली. "तेवढे तर हे नक्कीच हजर आहेत. श्वास चालू आहे."

 ठराव दोन विरुद्ध एक असा पास झाला. दामोदरपंतांचा दोन-तृतीयांश तटस्थ राहिला. माणसं पूर्ण यावीत म्हणून नोटीस काढणाऱ्या आमच्या पाठक सरांनी स्वतःच्या हातानं इतिवृत्तात लिहिलं, 'हजर : तीन पूर्णांक दोन-तृतीयांश'.

मी धावत स्टाफरूममध्ये आले, पुष्पाला सगळं सांगितलं. वाटलं, उडीच मारेल. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे पाहा बाई, झोपलेला माणूस दोन-तृतीयांश धरतात. आणि मी दिवसभर उभी राहून पाव!"

* * *

ठरावाला उत्तर आलं मार्चमध्ये. खात्याचे साहेब स्वतः तपासणीला येणार, गावंडेबाईंचा तास पाहणार आणि मग काय ते ठरवणार. सोबत ते जुनंच वाक्य होतं : 'तूर्त सदर शिक्षिकेची मान्यता एक-चतुर्थांश पदापुरतीच समजावी.'

आमच्या शाळेत त्या आठवड्यात जी पळापळ झाली! फळे काळे केले, नकाशे टांगले. पाठक सरांनी तीन दिवसांत सात नोटिसा काढल्या. मी पुष्पाला म्हटलं, "अगं, सोपं उदाहरण घे. पाहुणे नको, पाटील नको, माणसंच नको." ती म्हणाली, "पुस्तकं घेते, बाई."

"आणि घाबरू नकोस."

"घाबरायचं काय त्यात? जशी ऑर्डर आहे, तशीच शिकवीन मी."

मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगी शहाणी आहे.

साहेब आले. जाडजूड, सफारीतले, चेहऱ्यावरची माशी हलू न देणारे. मागच्या बाकावर बसले. त्यांच्या एका बाजूला पाठक सर, दुसऱ्या बाजूला मी. बेल झाली. पुष्पानं हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि फळ्यावर लिहिलं, 'ग्रंथालयात १२० पुस्तके आहेत. त्यांपैकी पाच-षष्ठांश मराठी आहेत. तर मराठी पुस्तके किती?'

आणि मग काय शिकवलं हो तिनं! साठच्या साठ पोरांचे डोळे तिच्यावर. शेवटच्या बाकावरचा, एरवी खिडकीबाहेरच पाहत राहणारा पोरगाही हात वर करून राहिला. साहेबांनी डायरी मिटली आणि पुढे सरकून बसले. मी पाठक सरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत पहिल्यांदा मी हसू पाहिलं.

"खालच्यानं?" पुष्पानं विचारलं.

"वाटाऽऽ!" सगळा वर्ग.

"एकशेवीसचे सहा वाटे. एका वाट्यात किती?"

"वीऽऽस!"

तिनं फळ्यावर वीस लिहिले. घड्याळाकडे पाहिलं. खडू खाली ठेवला, हात झटकले आणि खुर्चीवर जाऊन बसली. अगदी घडी घालून ठेवल्यासारखे हात मांडीवर.

 एक मिनिट गेलं, दोन गेली. पाठक सर घशातल्या घशात "बाई... बाई..." करू लागले. 

साहेब उठले. "बाई, थांबलात का? तब्येत बरी नाही का?"

पुष्पा उभी राहिली. आवाज तोच, खणखणीत. "तब्येत ठीक आहे, साहेब. तास चाळीस मिनिटांचा आहे. त्याचे एक-चतुर्थांश दहा मिनिटं. माझी मान्यता तेवढीच आहे. ती संपली."

पाठक सरांनी डोळे मिटून घेतले. साहेब कानापर्यंत लाल झाले. "हा काय प्रकार आहे?" म्हणाले. "फळ्यावर उदाहरण अर्धवट पडलंय. मुलं बसली आहेत. ते पूर्ण करा आधी!"

"पूर्ण करायला पूर्ण बाई लागते, साहेब."

 साहेब पुष्पाकडे बघत राहिले. मग फळ्याकडे. मग त्या साठ पोरांकडे, आणि पोरं साहेबांकडे. मला वाटलं, आता ही आजच संध्याकाळच्या एसटीनं कायमची मौद्याला जाते.

"फाईल आणा," साहेब पाठक सरांना म्हणाले.

सर पळतच गेले आणि पळतच आले. साहेब मागच्याच बाकावर, त्या खिडकीवाल्या पोराला थोडं सरकवून, पुन्हा बसले. पेन काढलं. काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, सही केली आणि फाईल माझ्याकडे दिली. "वाचा, मोठ्यानं," म्हणाले.

 मी वाचलं : 'सव्वासहाचे सात करण्यात येत आहेत. वरचा पाऊण शिक्षक कुठून आला, याची विचारणा कोणी करू नये.'

 पुष्पानं पदराचं टोक डोळ्यांना लावलं, एकदाच. मग टेबलावरचं घड्याळ उचलून हातात बांधलं, खडू घेतला आणि वर्गाकडे वळली.

"हं, पोरांनो," म्हणाली, "कुठवर आलो होतो आपण?"